मानेतल्या वाटेची कहाणी

दिवाळीच्या दिवसांत गोडधोड खावे, गोड बोलावे आणि दुखण्याखुपण्याचे विषय चार दिवस कोनाड्यात ठेवून द्यावेत, असा आपल्याकडचा शिरस्ता आहे. तो मी आज मोडतो आहे, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण जी हकिकत सांगायची, तिची सुरुवातच मुळी नरकचतुर्दशीच्या पहाटे झाली. त्याला मी तरी काय करणार?

साल १९९१. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होतो. आमचे थोरले काका, ज्यांना घरदारच नव्हे तर सारी आळी अप्पा म्हणे, न्हाणीघरातून बाहेर आले आणि डोके पुसता पुसता मध्येच थांबले. "आई, डाव्या डोळ्यावर कुणी पडदा ओढल्यासारखं झालंय गं," ते म्हणाले. आजीने चुलीपासून न उठताच निकाल दिला, "शिकेकाई गेली असेल. पाणी मार." अप्पांनी पाणी मारले. दोन-तीन मिनिटांत पडदा जसा आला तसा गेला. मग आम्ही सारे फराळाला बसलो आणि ती गोष्ट विसरलोही.

आमच्या घरी दिवाळी अंक येत आणि ते अप्पा मोठ्याने वाचून दाखवीत. माजघरात बायका वाती वळीत बसत, आम्ही पोरे अप्पांच्या मांडीला टेकून, आणि अप्पांचा तो खर्जातला आवाज. त्यांच्या वाचनात कथेतली म्हातारी म्हातारीसारखी बोले आणि फौजदार फौजदारासारखा. त्या वर्षी तुळशीच्या लग्नात मंगलाष्टके म्हणताना त्यांचा आवाज एकाएकी अडखळला. उजव्या हातातल्या अक्षता खाली सांडल्या. त्यानंतर अप्पा नऊ वर्षे जगले. उजवा हात-पाय गेला तो गेलाच, पण वाचाही गेली. एक 'बरं' हा शब्द तेवढा मागे राहिला. आनंद झाला तरी 'बरं', राग आला तरी 'बरं'. दिवाळी अंक त्यानंतरही येत राहिले. ते मोठ्याने वाचणारे मात्र कुणी उरले नाही.

तो डोळ्यावरचा पडदा शिकेकाईचा नव्हता, तो मानेतल्या एका नळीने धाडलेला निरोप होता, हे मला कळायला पुढे पंधरा-वीस वर्षे लागली. कळले, तेव्हा मी त्या नळीचा इतिहास जमेल तिथून वाचू लागलो. मी डॉक्टर नव्हे. शाळेत पोरे शिकवतो आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहितो. पण हा इतिहास कुठल्याही कादंबरीला हार जाणार नाही असा आहे, म्हणून तो आज वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम ती नळी कुठे आहे ते पाहू. कंठमण्याच्या बाजूला, जबड्याच्या खाली, दोन बोटे हलकेच टेकवा. हलकेच म्हणतो, आणि एका वेळी एकाच बाजूला. धडधड लागते ना? शाळेच्या जुन्या पुस्तकांत हिच्या जातीच्या नळ्यांना रोहिणी म्हणत. डॉक्टर मंडळी हिला कॅरॉटिड म्हणतात. अशा दोन, एक डावीकडे, एक उजवीकडे. साधारण कंठमण्याच्या वरच्या अंगाला प्रत्येकीला फाटा फुटतो. एक शाखा चेहऱ्याकडे जाते, दुसरी मेंदूकडे. मेंदूकडे जाणाऱ्या शाखेलाच डोळ्याचा एक उपफाटा आहे. आता नदीला जिथे फाटा फुटतो तिथे भोवरे होतात आणि गाळ साचतो, हे आपण पाहतोच. तसाच या मानेतल्या फाट्यापाशी वयोमानाने, तंबाखू-विडीने, रक्तदाबाने आणि मधुमेहाने चरबीचे व चुन्याचे किटण धरते. वाट अरुंद होते. पण खरी भीती वाट अरुंद होण्याची तितकी नाही. त्या किटणाचा एखादा कण किंवा त्यावर धरलेली रक्ताची गुठळी सुटते आणि प्रवाहाबरोबर वर जाते, ही खरी भीती. ती डोळ्याच्या फाट्यात शिरली तर क्षणभर पडदा येतो. मेंदूत शिरली तर अर्धांग जाते. डोळा त्याच बाजूचा, हातपाय मात्र उलट बाजूचे. अप्पांचा डावा डोळा आणि उजवा हात, हा हिशेब असा लागतो. वाचेचे ठाणेही बहुतेकांच्या मेंदूत डाव्या अंगालाच असते.

मानेतल्या या वाटा नाजूक आहेत हे माणसाला फार जुन्या काळापासून ठाऊक होते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मर्मांची गणना आहे. तीत कंठाच्या दोन्ही बाजूंना नीला आणि मन्या नावाची मर्मे सांगितली आहेत. त्यांना इजा झाली तर माणूस मुका होतो, आवाज बिघडतो, चव कळेनाशी होते, असे म्हटले आहे. मानेतल्या मातृका नावाच्या शिरांना धक्का लागला तर तत्काळ मृत्यू. तिकडे ग्रीक लोकांनी या नळीला जे नाव दिले, त्याचे मूळ गाढ गुंगी या अर्थाच्या शब्दात आहे, कारण ती दाबली की माणूस गुंगतो अशी त्यांची समजूत. कॅरॉटिड हा शब्द तिथला.

पण नळी दाबल्याने गुंगी येते हे कळणे वेगळे आणि अर्धांगवायूचे मूळ तिथे असू शकते हे कळणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीसाठी सतरावे शतक उजाडावे लागले. स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेन गावी योहान याकोब वेप्फर नावाचे वैद्य होते. झटका येऊन मेलेल्यांची शरीरे त्यांनी उघडून पाहिली आणि १६५८ साली ग्रंथ लिहिला. मेंदूत रक्तस्राव झाल्याने हा आजार होतो, तसाच मेंदूकडे जाणारे रक्त अडल्यानेही होऊ शकतो, हे त्यांनी मांडले. पाठोपाठ १६६४ साली इंग्लंडात टॉमस विलिस यांचा मेंदूवरील ग्रंथ आला. त्यातली चित्रे काढण्यात ख्रिस्तोफर रेन यांचा हात होता, लंडनचे सेंट पॉल कॅथेड्रल बांधणारे तेच रेन. विलिस यांनी मेंदूच्या तळाशी असलेले नळ्यांचे एक कडे वर्णिले. मानेतून वर येणाऱ्या साऱ्या नळ्या त्या कड्यात एकमेकींना भेटतात. एका गृहस्थांच्या शरीरात विलिस यांना एका बाजूची कॅरॉटिड जवळजवळ बुजलेली आढळली, तरी हयातीत त्यांना झटका आलेला नव्हता. एक वाट बंद झाली तर दुसऱ्या वाटेचे पाणी कड्यातून फिरून पोचते, ही निसर्गाची सोय. सगळ्यांच्या नशिबी हे कडे पुरते जुळलेले असतेच असे नाही, हा भाग निराळा. या कड्याची आठवण वाचकांनी जपून ठेवावी; शेवटी ते पुन्हा उपयोगी पडणार आहे.

यानंतर अडीच-तीनशे वर्षे ज्ञान होते, पण इलाज नव्हता. जिवंत माणसाच्या मानेत काय चालले आहे ते दिसणार कसे? ती युक्ती पोर्तुगालमधील लिस्बन शहरी सापडली. एगास मोनिझ यांनी १९२७ साली कॅरॉटिडमध्ये क्ष-किरणांना दिसेल असे द्रव्य सोडून मेंदूतल्या नळ्यांचे चित्र घेतले. एखाद्या वठलेल्या झाडाच्या फांद्यांची सावली भिंतीवर पडावी तसे ते चित्र दिसते.

आणि मग आले डॉ. मिलर फिशर. हे कॅनडाचे. दुसऱ्या महायुद्धात आरमारात डॉक्टर होते. १९४१ साली त्यांचे जहाज बुडाले आणि साडेतीन वर्षे त्यांनी जर्मनांच्या कैदेत काढली. सुटून आल्यावर ते मॉन्ट्रियलला मेंदूच्या आजारांचा अभ्यास करू लागले. अर्धांग गेलेल्या रोग्यांना ते नुसते तपासत नसत, ऐकत असत. कुणी सांगे, झटक्याच्या आधी काही दिवस एका डोळ्याने दिसेनासे झाले होते. आणि तो डोळा पांगळ्या बाजूच्या उलट अंगाचा! दोन्हींचा उगम एकच असेल, तर तो मेंदूत नव्हे, खाली मानेत असला पाहिजे. त्या काळी शवचिकित्सेत डोके उघडीत, छाती उघडीत. मान मधल्यामध्ये राहून जाई. फिशर यांनी ती पाहिली, आणि फाट्यापाशी बुजलेली नळी सापडली. १९५१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि एक भाकितही केले, की पुढेमागे शस्त्रवैद्य ही तुंबलेली वाट ओलांडण्याचा उपाय शोधतील.

आमच्या आजीने जो निरोप शिकेकाईच्या खाती टाकला, तो फिशर यांनी चाळीस वर्षे आधी वाचला होता. आजीचा दोष नाही. ज्ञान पुस्तकात छापले गेले म्हणजे ते चुलीपर्यंत पोचते असे थोडेच आहे!

फिशर यांचे भाकीत खरे व्हायला फार दिवस लागले नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरात अर्जेंटिनात ब्युनॉस आयरिस येथे कारेआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोगट तुकडा वगळून नळी जोडली. ७ ऑगस्ट १९५३ रोजी अमेरिकेत ह्यूस्टन येथे मायकेल डीबेकी यांनी शाळेची बस चालवणाऱ्या एका ५३ वर्षांच्या माणसाची नळी उघडून आतले किटण खरवडून काढले. तो पुढे १९ वर्षे जगला. पण जगाचे लक्ष वेधले ते लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमधील शस्त्रक्रियेने. ६६ वर्षांची एक गृहिणी. पाच महिन्यांत तिला ३३ छोटे झटके आलेले. दर वेळी हात लुळा पडे, शब्द सुचेनात, डोळ्यापुढे अंधार येई, आणि थोड्या वेळाने सारे पूर्ववत होई. पुढचा झटका कायमचा असेल, या धास्तीत ती जगत होती. १९ मे १९५४ रोजी ईस्टकॉट, पिकरिंग व रॉब यांनी तिला बर्फाने २८ अंश सेल्सियसपर्यंत गार केले, म्हणजे मेंदूची रक्ताची गरज कमी व्हावी. मग नळी २८ मिनिटे बंद ठेवून रोगट भाग कापला आणि टोके जोडली. चौतिसावा झटका आला नाही. बाई वयाच्या ८६व्या वर्षापर्यंत जगल्या.

असे यश मिळाले की माणसाचा हात सैल सुटतो. १९८५ सालापर्यंत एकट्या अमेरिकेत वर्षाला एक लाखाच्या वर अशा शस्त्रक्रिया होऊ लागल्या होत्या. पण त्यांतल्या कितींची खरोखर गरज होती? मान उघडताना, खरवडताना एखादा कण सुटून शस्त्रक्रियेच्या टेबलावरच झटका येई. उपायानेच अपाय व्हावा, अशी ही तऱ्हा. कॅनडाच्या हेन्री बार्नेट यांनी हिशेब मांडायचे ठरवले. वाट ७० टक्क्यांहून अधिक बुजलेले आणि नुकताच इशारा मिळालेले रोगी घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एकाला औषधे, दुसऱ्याला औषधे आणि शस्त्रक्रिया. दोन वर्षांत नुसत्या औषधांच्या गटात शंभरांतल्या २६ जणांना त्या बाजूचा झटका आला. शस्त्रक्रियेच्या गटात ९ जणांना. वाद मिटला. हा निष्कर्ष छापून आला तो ऑगस्ट १९९१ मध्ये. आमची ती दिवाळी नोव्हेंबरात होती. मध्ये तीन महिन्यांचे अंतर, आणि सात समुद्रांचे.

इथवरची कहाणी चाकूची झाली. आता दुसरी वाट, तारेची आणि फुग्याची.

स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी १९५३ साली एक साधी युक्ती काढली होती: सुईने नळीत शिरायचे, सुईतून तार सरकवायची, सुई काढून घ्यायची आणि तारेवरून बारीक पोकळ नळी आत न्यायची. कापाकापी नाही. अमेरिकेत पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर यांनी हीच वाट नुसती चित्रे घेण्याला न वापरता दुरुस्तीला वापरली. १६ जानेवारी १९६४ रोजी त्यांच्यापुढे ८२ वर्षांची एक बाई होती. पायाची बोटे सडू लागलेली, पाय तोडावा असा सल्ला मिळालेला, आणि बाई ठामपणे नाही म्हणणारी. डॉटर यांनी मांडीतल्या अरुंद नळीतून एकावर एक जाड नळ्या सरकवून वाट रुंद केली. पाय वाचला. पुढे झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर रात्री जागून छोटे फुगे तयार केले. बंद फुगा अरुंद जागेत न्यायचा, तिथे फुगवायचा, वाट रुंद झाली की मिटवून बाहेर काढायचा. १६ सप्टेंबर १९७७ रोजी त्यांनी हा फुगा हृदयाच्या नळीत फुगवला. आज गावोगावी 'अँजिओप्लास्टी' हा शब्द लोकांच्या तोंडी आहे, तो तिथून.

मग मानेत फुगा का नको? जर्मनीचे क्लाउस मथियास यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस हाच विचार केला. पण पुष्कळांनी डोक्याला हात लावला. पायातल्या नळीत फुगा फुगवताना किटणाचा चुरा उडाला तर तो पावलाकडे जातो. तिथे तो बहुधा खपून जातो. मानेत उडालेला चुरा थेट मेंदूत जाणार. दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरची धूळ झाडावी आणि ती खाली उघड्या ठेवलेल्या दुधाच्या पातेल्यात पडावी, तसा हा प्रकार. पातेले झाकायचे कसे? पुढच्या चाळीस वर्षांच्या साऱ्या उपकरणांचा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाचा इतिहास आहे.

पहिले झाकण फ्रान्सच्या जाक थेरॉं यांनी १९९० साली वर्णिले. काम चालू असताना अरुंद जागेच्या वर आणखी एक छोटा फुगा फुगवून वाटच बंद करायची. काम झाले की साठलेला चुरा बाहेर ओढून घ्यायचा आणि मग फुगा मिटवायचा. कल्पना नामी, पण तेवढा वेळ मेंदूचा त्या बाजूचा पुरवठा बंद. काहींना तो सोसवत नसे.

दरम्यान जाळीच्या नळ्या म्हणजे स्टेंट आले. रुंद केलेली वाट पुन्हा मिटू नये म्हणून आत कायमचा टेकू. सुरुवातीला मानेत बसवलेले काही स्टेंट फुग्याने फुगवायचे, ताठ पोलादाचे होते. छातीच्या पिंजऱ्यात हृदयाला संरक्षण असते. मान ही उघडी, वळणारी. बाहेरून दाब पडला की असा स्टेंट चेपून जाई. त्यावर उपाय निघाला तो निकेल आणि टायटॅनियमच्या एका मिश्रधातूचा, निटिनॉलचा. हा धातू अमेरिकन आरमाराच्या प्रयोगशाळेत सापडला होता आणि त्याच्या नावातही त्या प्रयोगशाळेची आद्याक्षरे आहेत. याचा गुण असा, की तो आपला मूळ आकार विसरत नाही. दाबा, वाकवा, सोडून दिला की पूर्ववत. युद्धाच्या कोठारातली वस्तू म्हाताऱ्यांच्या मानेत टेकू म्हणून बसली, हा काळाचा एक बरा विनोद म्हणायचा.

पातेले झाकण्यासाठी मग गाळणी आली. छत्रीसारखी मिटणारी, तारेच्या टोकाला बसवलेली. अरुंद जागेतून मिटलेली छत्री पलीकडे न्यायची, तिथे उघडायची; रक्त जाते, चुरा अडतो. छिद्रे एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी. अमेरिकेत जय यादव आदी डॉक्टरांनी या गाळणीचा पुरस्कार केला, आणि २००४ साली गाळणीसह मानेतल्या स्टेंटला तिथल्या सरकारी खात्याची परवानगी मिळाली. आता चाकूचे दिवस संपले, असे पुष्कळांना वाटले.

पण वाटणे आणि मोजणे यांत अंतर असते. फ्रान्समध्ये दोन्ही उपाय ताडून पाहणारी चाचणी चालू होती. ती २००५ साली मध्येच थांबवावी लागली. महिनाभरात झटका किंवा मृत्यू यांचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर ३.९ टक्के, स्टेंटनंतर ९.६ टक्के निघाले. एका आंतरराष्ट्रीय चाचणीतल्या काही रोग्यांच्या मेंदूची चुंबकीय चित्रे उपायाआधी व नंतर काढली गेली होती; त्यांचा निष्कर्ष २०१० साली आला. स्टेंट बसवलेल्या निम्म्या लोकांच्या मेंदूत नवे बारीक डाग दिसले. शस्त्रक्रियेनंतर ते १७ टक्क्यांत होते. बहुतेकांना जाणवले काहीच नाही, पण डाग होते. त्याच वर्षी अमेरिका व कॅनडातील २५०२ रोग्यांच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला: स्टेंटनंतर झटके अधिक, शस्त्रक्रियेनंतर हृदयविकाराचे झटके अधिक, गोळाबेरीज जवळपास सारखी. मात्र सत्तरी ओलांडलेल्यांना चाकू बरा, तरुणांना स्टेंट बरा, असा कल दिसला.

असे का व्हावे? विचार केल्यावर दोन कारणे पुढे आली. पहिले, गाळणी उघडण्याआधी ती त्या अरुंद, किटणाने भरलेल्या जागेतूनच पलीकडे न्यावी लागते. पातेले झाकायला जाणाऱ्यानेच धूळ उडवावी तसे! दुसरे, जांघेतून निघालेली तार छातीतल्या महाधमनीच्या कमानीवरून वळसा घेऊन मानेत शिरते. म्हाताऱ्या माणसाची ती कमान वाकडीतिकडी आणि स्वतःच किटणाने भरलेली. मानेपर्यंत पोचण्याआधीच वाटेत चुरा उडत असे.

या दोन्ही अडचणींवरचे उत्तर एका शेतकऱ्याला सहज सुचावे असे आहे. पाट साफ करायचा असेल तर शेतकरी काय करतो? वाफ्याच्या तोंडाशी गाळणी धरून बसत नाही. तो वरचे दार लावतो आणि पाणीच दुसरीकडे वळवतो, म्हणजे ढवळलेला गाळ पिकात जात नाही. अर्जेंटिनाच्या हुआन पारोदी यांनी नेमके हेच केले. फाट्याच्या खाली नळी बंद करायची, चेहऱ्याकडची शाखा बंद करायची, आणि तिथले रक्त बाहेरच्या नळीने शरीरातल्या कमी दाबाच्या शिरेकडे वळवायचे. मग मेंदूकडून रक्त उलटे खाली वाहू लागते. चुरा उडालाच तर तो मेंदूकडे जात नाही, मेंदूपासून दूर जातो. आणि तेवढा वेळ मेंदूला रक्त कोण पुरवते? विलिस यांनी १६६४ साली दाखवलेले ते कडे! साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका चित्राने असे काम दिले.

दुसरी अडचण, कमानीच्या वळशाची. ती डेव्हिड चँग, एन्रिके क्रियादो अशा शस्त्रवैद्यांनी सोडवली. जांघेतून यायचेच कशाला? गळ्याच्या हाडाच्या किंचित वर छोटा छेद घ्यायचा आणि थेट मानेतल्या नळीत शिरायचे. रक्त उलटे वळवून ते बाहेर गाळणीतून गाळायचे आणि मांडीतल्या शिरेत परत सोडायचे. प्रवाह उलटा असतानाच स्टेंट बसवायचा. चाकूची सुरक्षितता आणि तारेची हलकी जखम, दोन्ही एका ठिकाणी आली. सिल्क रोड मेडिकल या कंपनीच्या अशा उपकरणाला २०१५ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याच्या मुख्य अभ्यासात १४१ रोग्यांपैकी दोघांना महिनाभरात झटका आला, म्हणजे १.४ टक्के. ती चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना नव्हती, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरी आकडा दिलासा देणारा होता.

आणखी एक सुधारणा स्टेंटमध्येच झाली. जाळीची भोके मोठी असली तर त्यांतून किटण हळूहळू आत डोकावते आणि काही दिवसांनी सुटते. म्हणून जाळीवर दुसरी, अतिसूक्ष्म धाग्यांची जाळी चढवलेले स्टेंट निघाले. चाळणीवर मलमल घालावी तसे. त्यांतल्या सीगार्ड नावाच्या स्टेंटला २०२५ साली अमेरिकेत मान्यता मिळाली.

पण या सगळ्या कल्पकतेपुढे बार्नेट यांचा प्रश्न अजून उभाच आहे: गरज कुणाला? वाट अरुंद आहे, पण इशारा मिळालेला नाही, अशांचे काय? कारण एवढ्या काळात औषधेही पुढे गेली. रक्तदाबाच्या गोळ्या, ॲस्पिरिन, चरबी उतरवणारी स्टॅटिन, धूम्रपान सोडणे, यांनी झटक्यांचे प्रमाण मुळातच घटवले. नोव्हेंबर २०२५ मध्ये अशाच रोग्यांवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. नुसत्या कसोशीच्या औषधोपचारात चार वर्षांत शंभरांत ६ जणांवर झटक्याची किंवा मृत्यूची पाळी आली. स्टेंटची जोड दिली तेव्हा ३ हून थोडे कमी. औषधांना शस्त्रक्रियेची जोड दिलेल्या वेगळ्या तुलनेत मात्र ठाम म्हणावा असा फरक दिसला नाही. म्हणजे ज्या स्टेंटवर पंधरा वर्षांपूर्वी ठपका आला होता, तोच सुधारलेल्या उपकरणांनी, निवडक रोग्यांत आणि सरावलेल्या हातांत आपली बाजू राखू शकला. पण हेही दिसते, की शंभरांतल्या ९४ जणांना नुसत्या गोळ्यांनी तारले. हे दोन्ही आकडे एकत्र वाचायला शिकणे, हेच शहाणपण.

मी हा सारा इतिहास वाचून संपवला तेव्हा माझ्या मनात अप्पा होते. त्यांना त्या पहाटे मॉन्ट्रियलला नेले असते तर, असले विचार माणूस करतो. त्यांना अर्थ नसतो. पण एका गोष्टीला अर्थ आहे. या कहाणीतली सर्वांत महत्त्वाची वस्तू निटिनॉल नव्हे, गाळणी नव्हे, उलटा प्रवाहही नव्हे. ती आहे रोग्याने उच्चारलेले एक वाक्य आणि ते ऐकून घेणारा कान. डोळ्यावर पडदा येऊन गेला, हात क्षणभर लुळा पडला, तोंड वाकडे झाले, शब्द सुचेनासा झाला आणि पाच मिनिटांत सारे ठीक झाले, तर 'ठीक झाले' हेच फसवे. त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले पाहिजे, कारण पहिल्या दोन आठवड्यांत केलेला उपाय सर्वांत फळतो. ती मुदत ओलांडली की जगातले उत्तमातले उत्तम उपकरणही उशिरा आलेल्या पाहुण्यासारखे दारात उभे राहते.

आपल्या कहाण्या साठा उत्तरांच्या असून पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण होतात. ही कहाणी अजून संपूर्ण झालेली नाही. गेल्या दिवाळीत आमच्या घरी मी बऱ्याच वर्षांनी दिवाळी अंक मोठ्याने वाचला. धाकटी पुतणी मांडीला टेकून बसली होती. म्हातारीचा आवाज मला अप्पांसारखा काढता येत नाही. तिने तसे तोंडावर सांगितलेही. पण वाचून झाल्यावर मी घरातल्या वडील माणसांना तो डोळ्यावरच्या पडद्याचा अर्थ समजावून सांगितला. सगळ्यांनी मुकाट्याने ऐकून घेतले. मग माझी म्हातारी आई हळूच म्हणाली, "बरं."